'तुरीया'चा प्रसंग : एकाकी नाविकाचें समुद्रतारण व त्याचीं साधनें

१. प्रयोजन

इ. स. २०१८ च्या सप्टेंबर महिन्याच्या २१ व्या तारखेस, म्हणजे शके १९४० भाद्रपद शुद्ध द्वादशीस, दक्षिण हिंदी महासागरांत एक बत्तीस फूट लांबीची लांकडी नौका वादळांत उलथली. नौकेवर एकच मनुष्य होता. डोलकाठ्या मोडल्या, त्याच्या पाठीच्या कण्यास जबर इजा झाली, आणि तो बिछान्यावरून उठूं शकेनासा झाला. मोठी वस्ती म्हणावी अशी पर्थ शहराचीच. तीहि सुमारें १,९०० सागरी मैलांवर. तीन दिवसांनीं, ता. २४ रोजीं, तो मनुष्य जिवंत हातीं लागला. नाविकाचें नांव कमांडर अभिलाष टॉमी. नौकेचें नांव 'तुरीया'.

इतक्या अलीकडील प्रसंगास या त्रैमासिकांत जागा कां द्यावी, असा आक्षेप आमचे कांहीं स्नेही घेतील. त्यांस आमचें उत्तर असें आहे. जुन्या दप्तरांत वावरणाऱ्या प्रत्येकाचा हा अनुभव आहे कीं, जें समकालीनांस सर्वश्रुत वाटलें तेंच त्यांनीं लिहून ठेवलें नाहीं, आणि तेंच आज आपणांस कोठें सांपडत नाहीं. लढाईची मिति मिळते. रणांत पडलेल्यास पाणी कोणीं पाजलें तें मिळत नाहीं. 'तुरीया'च्या प्रसंगाचेंहि आजच तीन तऱ्हांनीं कथन होऊं लागलें आहे. कोणी म्हणतो, आपल्या नौदलानें त्यास सोडविलें. कोणी म्हणतो, फ्रेंचांनीं उचललें. कोणी श्रेय ऑस्ट्रेलियनांस देतो. यांतील प्रत्येक विधानास आधार आहे, आणि प्रत्येक अपुरें आहे. पन्नास वर्षांनीं यांपैकीं जें अधिक गोड लागेल तेवढेंच उरेल, व त्याची बखर होईल. तें होण्यापूर्वीं साधनें ताजीं आहेत तोंच त्यांचा निवाडा करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. या निवाड्यांतून आम्हांस एक सिद्धांतहि दिसला, तो असा : समुद्रावर एकट्या माणसाचा जीव वाचतो तो प्रथम खऱ्या नोंदीनें, आणि मग हातांनीं. तो पुढें यथाक्रम मांडतों.

२. नौकेची वंशावळ

पोथीचा विचार करतांना तिची मूळ प्रत कोणती हें आपण आधीं पाहतों. तसेंच नौकेचेंहि पाहिलें पाहिजे. 'तुरीया' ही 'सुहेली' नांवाच्या नौकेची प्रतिकृति होय. 'सुहेली' आमच्या मुंबईंत, सागवानाची बांधलेली, बत्तीस फुटांची, दोन डोलकाठ्यांची. तिचे धनी सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे इंग्रज नाविक. याच नौकेंतून ते १४ जून १९६८ रोजीं इंग्लंडांतील फाल्मथ बंदरांतून निघाले आणि कोठेंहि न थांबतां, एकटे, पृथ्वीची प्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजीं त्याच बंदरीं परतले. अशी प्रदक्षिणा पुरी करणारे ते पहिलेच. मुंबईच्या सुतारांच्या हातचें लांकूड या पहिल्या प्रदक्षिणेंत ३१२ दिवस समुद्र सोसत होतें, ही गोष्ट आपल्याकडे जितकी ठाऊक असावी तितकी नाहीं.

'सुहेली'चा आराखडाहि तिच्या आधीचा आहे. अमेरिकन नौकारचनाकार विल्यम ॲटकिन यांच्या 'एरिक' नामक आराखड्यावरून ती बांधली गेली. आणि 'एरिक'चें मूळ नॉर्वेंतील कॉलिन आर्चर यांच्या नौकांत आहे. आर्चर यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वादळांत सांपडलेल्या कोळ्यांस सोडवून आणण्यासाठीं ज्या तारक नौका रचल्या, त्यांचीच ही संतति. म्हणजे जी 'तुरीया' स्वतःच तारणाची वाट पाहत पडली, तिचें कुळ तारक नौकांचें होतें.

नांवांविषयींहि दोन शब्द लिहितों. 'सुहेली' हें अरब खलाशांनीं एका वाऱ्यास दिलेलें नांव. तें 'सुहेल' या ताऱ्याच्या नांवाशीं जोडलेलें आहे, आणि सुहेल म्हणजेच आपला अगस्त्य. पुराणांत समुद्र प्राशन करणारा तोच. 'तुरीया' हें नांव ऐकतांच संस्कृतज्ञास माण्डूक्योपनिषदांतील चौथी अवस्था आठवेल. जागृति, स्वप्न व सुषुप्ति यांच्या पलीकडील ती अवस्था. आपल्या मराठींतील 'तारूं' हा शब्द आणि 'तारणें' हें क्रियापद हीं दोन्हीं एकाच 'तॄ' धातूचीं अपत्यें. तरून नेतें तें तारूं. भाषेनें जहाज व सुटका यांस एकाच घरांत ठेविलें आहे.

'तुरीया' बांधली गेली ती गोव्यांत, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत. याच कारखान्यानें मांडवीच्या पात्रांतील दिवाडी बेटावर आधीं 'म्हादेई' ही ५६ फुटांची नौका बांधिली होती. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनीं हिंदी नाविकानें हिंदी बांधणीच्या नौकेंतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करावी हा संकल्प धरला. कमांडर दिलीप दोंदे यांनीं २००९-१० सालीं, वाटेंत चार मुक्काम करून, ती प्रदक्षिणा 'म्हादेई'तून प्रथम पुरी केली. त्यानंतर अभिलाष टॉमी यांनीं १ नोव्हेंबर २०१२ रोजीं मुंबईहून निघून ३१ मार्च २०१३ पर्यंत तीच प्रदक्षिणा कोठेंहि न थांबतां केली. असें करणारे ते पहिले हिंदी. तेव्हां २०१८ सालीं वादळांत सांपडलेला नाविक हौशी नवखा नव्हता, हें ध्यानांत ठेवावें.

३. जुन्या शर्यतीची खोटी वही

१९६८ च्या ज्या शर्यतींत 'सुहेली' पहिली आली, तींत नऊ जण उतरले होते. पुरी करणारा एकच. त्या शर्यतींतील एक प्रकरण हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं मुद्दाम अभ्यासावें असें आहे.

डोनाल्ड क्रोहर्स्ट नांवाचा गृहस्थ ३१ ऑक्टोबर १९६८ रोजीं इंग्लंडांतील टेनमथ बंदरांतून निघाला. त्याची नौका अपुऱ्या तयारीची होती. ती दक्षिण महासागरांत टिकणार नाहीं हें त्यास लवकरच कळून चुकलें. पण परत फिरणें त्यास मानवेना. म्हणून तो अटलांटिक महासागरांतच रेंगाळत राहिला, आणि बिनतारी संदेशांनीं मात्र आपण भरधाव पुढें जात असल्याच्या खोट्या वार्ता देऊं लागला. खोट्या स्थानांसाठीं खोटीं गणितें मांडावीं लागत. सूर्य अमुक दिवशीं अमुक उंचीवर दिसला असें लिहावयाचें, तर तें उलट्या बाजूनें हिशेब करून जुळवावें लागतें; हें काम खऱ्या निरीक्षणाहून कठीण.

१० जुलै १९६९ रोजीं त्याची नौका एका जहाजास समुद्रांत तरंगतांना आढळली. तींत कोणी नव्हतें. वह्या मात्र होत्या. त्यांत खऱ्या स्थानांच्या नोंदी होत्या आणि रचलेल्या स्थानांचीं गणितेंहि होतीं. दोहोंची ताडणी होतांच कूट उघडें पडलें. बनावट सनदा पारखणाऱ्यांस ही रीत परिचित आहे : खोटें करणारा मनुष्य पुष्कळदां आपल्या खोटेपणाचा पुरावा स्वतःच जपून ठेवतो.

परंतु या कूटाचें फळ दुसऱ्यानेंहि भोगलें. नायजेल टेटली हा त्याच शर्यतींतील दुसरा नाविक जवळजवळ घरीं पोहोंचला होता. क्रोहर्स्ट मागून वेगानें येत आहे या वार्तेवर विश्वास ठेवून त्यानें आपली जर्जर नौका ताणली. १९६९ च्या मे महिन्यांत ॲझोर्स बेटांजवळ ती फुटून बुडाली. टेटली तराफ्यावर उतरला व त्यास एका जाणाऱ्या जहाजानें उचललें. एका माणसानें वहींत व संदेशांत लिहिलेलें असत्य शेंकडों मैलांवरील दुसऱ्या माणसाची नौका बुडविण्यास कारण झालें. नोंदीचें मोल समजण्यास याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. नॉक्स-जॉन्स्टन यांनीं आपणांस मिळालेलें ५,००० पौंडांचें पारितोषिक क्रोहर्स्टच्या कुटुंबास दिलें, हेंहि येथें नमूद करणें न्याय्य आहे.

४. प्रसंगाचा वृत्तान्त

त्या पहिल्या शर्यतीस पन्नास वर्षें झालीं म्हणून २०१८ सालीं ती पुन्हां भरविण्यांत आली. १ जुलै रोजीं फ्रान्समधील ले साब्ल-दोलोन बंदरांतून नौका सुटल्या. नियम असे कीं, १९६८ सालीं जीं साधनें होतीं तेवढ्यांवरच नौकानयन करावें. सेक्स्टंट नांवाचें कोनमापक यंत्र, घड्याळ, कागदी नकाशे आणि आकाश, एवढ्यांवर आपलें स्थान काढावयाचें. उपग्रहावरून स्थान दाखविणारें यंत्र मोहोरबंद पेटींत ठेवलेलें. तें संकटाखेरीज फोडावयाचें नाहीं. मात्र किनाऱ्यावरील व्यवस्थापकांस प्रत्येक नौकेचें स्थान कळत राही, आणि त्यांस त्रोटक लेखी संदेश पाठविण्याचें एक लहान यंत्र नाविकापाशीं असे. हा भेद महत्त्वाचा आहे. नाविक जुन्या काळांत होता, पण त्याची नोंद नव्या काळांत होती.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यांत 'तुरीया' शर्यतींत तिसऱ्या क्रमांकावर होती. ता. २१ रोजीं सुमारें ३९ अंश दक्षिण अक्षांश व ७८ अंश पूर्व रेखांश या स्थानाजवळ तीव्र वादळानें तिला गांठलें. वाऱ्याचा वेग ताशीं ७० सागरी मैलांपर्यंत गेला, व लाटा चौदा मीटरांपर्यंत, म्हणजे चार मजली घराएवढ्या, उठल्या. नौका संपूर्ण उलथून पुन्हां सरळ झाली. डोलकाठ्या मोडून दोरखंडांसह बाजूस लोंबूं लागल्या. नाविकाच्या पाठीचे मणके भंगले.

त्यानें जो पहिला संदेश धाडला त्यांत चारच गोष्टी होत्या : नौका उलथली, डोलकाठी गेली, पाठीस गंभीर इजा, उठतां येत नाहीं. पुढील संदेशांत चालणें जवळजवळ अशक्य असून कदाचित् डोली लागेल, आपण नौकेच्या आंत सुरक्षित आहों, उपग्रह-दूरध्वनि बंद आहे, अशा आशयाचा मजकूर होता. या संदेशांकडे साधन म्हणून पाहिलें असतां त्यांचा गुण तत्काळ ध्यानांत येतो. त्यांत विलाप नाहीं, अतिशयोक्ति नाहीं, आणि ज्याची सोडविणाऱ्यास जरूर नाहीं असा एक शब्द नाहीं. डोलीचा उल्लेख विशेष पाहावा. येणाऱ्या माणसांनीं काय बरोबर आणावें, हें मणके भंगलेला मनुष्य सांगत आहे. आम्हीं आयुष्यभर मुलांस सूत्रशैली शिकविली. अल्पाक्षर व असंदिग्ध हीं सूत्राचीं लक्षणें पाठ करून घेतलीं. त्यांचें इतकें चोख उदाहरण आम्हांस कोणत्याहि शाळेंत देतां आलें नव्हतें.

५. सोडविलें कोणीं?

आतां मुख्य निर्णयाकडे वळूं. येथें क्रम पाळला पाहिजे, कारण क्रम चुकला कीं श्रेयहि चुकतें.

पहिला दुवा ऑस्ट्रेलियाचा. संकटाची वार्ता येतांच कॅनबेरा येथील तारणसमन्वय-केंद्रानें सूत्रें हातीं घेतलीं. कोणतें जहाज कोठें आहे, कोणास किती वेळ लागेल, हा सारा हिशेब तेथें होत होता. त्या देशाचें 'बॅलॅरट' हें लढाऊ जहाज पर्थकडून निघालें, व विमानेंहि धाडण्यांत आलीं.

दुसरा दुवा एका स्पर्धकाचा. ग्रेगर मॅकगकिन हा आयरिश नाविक सुमारें ९० मैलांवर होता. त्याच वादळांत त्याचीहि नौका उलथली होती व डोलकाठ्या गेल्या होत्या. तरी त्यानें उरल्यासुरल्या काठीवर कामचलाऊ शीड उभारलें आणि 'तुरीया'च्या दिशेनें मार्ग धरला. तो पोहोंचण्यापूर्वीं मोठें जहाज पोहोंचलें, म्हणून फळाच्या हिशेबांत त्याचें नांव येत नाहीं. इतिहासाच्या हिशेबांत तें आलें पाहिजे. ज्याचें स्वतःचें तारूं मोडलें आहे तो दुसऱ्यास तारावयास निघतो, ही नोंद गाळणारा वृत्तान्त लबाड ठरेल.

तिसरा दुवा आपल्या नौदलाचा. मॉरिशसहून उडालेल्या नौदलाच्या पी-८ आय विमानानें ता. २३ रोजीं 'तुरीया' दृष्टीस पाडली. मोडकी डोलकाठी बाजूस लोंबत आहे व नौका जोरानें डोलत आहे, असें त्यांस दिसलें. तो दिवस अनंत चतुर्दशीचा होता. इकडे चौपाटीवर गणपतींचें विसर्जन चाललें असतां तिकडे त्याच महासागराच्या दक्षिण टोंकास आपल्या वैमानिकांनीं एका हिंदी माणसाचा माग काढला.

चौथा दुवा फ्रेंचांचा, आणि प्रत्यक्ष हाताचा. 'ओसिरिस' हें मासेमारीवर देखरेख करणारें फ्रेंच गस्तीचें जहाज २४ सप्टेंबर रोजीं तेथें पोहोंचलें. त्यावरील माणसें लहान रबरी होड्यांतून 'तुरीया'वर गेलीं, त्यांनीं जखमी नाविकास डोलींत बांधून आपल्या जहाजावर आणलें. नंतर त्याच जहाजानें मॅकगकिन यासहि घेतलें. दोघांस ॲमस्टरडॅम नांवाच्या फ्रेंच बेटावर नेण्यांत आलें. तें बेट म्हणजे सागराच्या मध्यावरील एक संशोधन-ठाणें, पण तेथें लहानसा दवाखाना व वैद्य आहे. पांचवा व शेवटचा दुवा पुन्हां आपला : 'सातपुडा' या हिंदी लढाऊ जहाजानें सप्टेंबरअखेर टॉमी यांस त्या बेटावरून घेतलें आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यांत विशाखापट्टणास आणलें.

तेव्हां निर्णय असा : आखणी ऑस्ट्रेलियाची, माग काढला हिंदी विमानानें, उचललें फ्रेंच जहाजानें, प्रथमोपचार फ्रेंच बेटावर, घरीं आणलें हिंदी जहाजानें, आणि मार्गांत असतांनाच ज्याचा हेतु अपुरा राहिला तो एक आयरिश. यांतून कोणीहि एक काढला तर साखळी तुटते. 'एकट्याची सफर' हा शब्द यापुढें जपून वापरावा असें आम्हांस वाटतें. एकटा असतो तो नौकेवर; समुद्रावर नव्हे.

आणि या साऱ्यांच्या आधीं एक गोष्ट होती : नौकेचें स्थान अचूक ठाऊक होतें. त्या भागांत वाट चुकलेल्या बत्तीस फुटी होडीचा शोध म्हणजे गवताच्या गंजींतल्या सुईचा शोध. १९६९ सालीं खोट्या स्थानामुळें एक नौका बुडाली; २०१८ सालीं खऱ्या स्थानामुळें एक मनुष्य वांचला. शर्यत एकच, पन्नास वर्षांचें अंतर. आमचा सिद्धांत या दोन टोंकांवर उभा आहे.

६. भुज्यूचें आख्यान

संस्कृत वाङ्मयाच्या अभ्यासकास येथें तुग्रपुत्र भुज्यूची आठवण होणें अपरिहार्य आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांतील कक्षीवान् ऋषीच्या ११६ व्या सूक्तांत तें आख्यान येतें. बापानें भुज्यूस समुद्रांत सोडून दिलें असतां अश्विनीकुमारांनीं त्यास शंभर वल्ह्यांच्या नौकेंतून घरीं आणलें, आणि तो प्रवास तीन रात्री व तीन दिवसांचा होता, असा आशय आहे. त्याच मंडलांतील १८२ व्या सूक्तांत चार नौकांचा उल्लेख असून, समुद्राच्या मध्यावर तो बुडता मनुष्य कोणत्या वृक्षास बिलगला, असा प्रश्नहि ऋषि करतो. तें सूक्त अगस्त्याचें. म्हणजे ज्याच्या ताऱ्याचें नांव 'सुहेली'शीं जोडलेलें आहे त्याच ऋषीचें. सातव्या मंडलांत दोष बापाकडे नसून दुष्ट सोबत्यांकडे जातो.

या आख्यानावरून वेदकालीं शंभर वल्ह्यांचीं जहाजें महासागरांत फिरत होतीं असें अनुमान काढणारे पुष्कळ झाले. आम्ही त्या मार्गानें जात नाहीं. कवीच्या संख्येवरून जहाजाची मोजणी करणें योग्य नव्हे. आणि तीन दिवसांचें साम्य हेंहि केवळ साम्यच. आमचें लक्ष दुसरीकडे आहे. एकाच तारणाचीं इतकीं निवेदनें, त्यांत कारण निराळें, नौकांची संख्या निराळी. आणि सर्वांत समान गोष्ट एकच, कीं श्रेय अश्विनांस. शंभर वल्हीं होतीं तर तीं मारणारे हातहि होते. त्यांतल्या एकाचेंहि नांव सूक्तांत नाहीं. स्तुतीचें काव्य असल्यानें कवीस दोष देतां येत नाहीं. पण इतिहासलेखकास ती मुभा नाहीं. देवतेचें नांव ठेवून वल्हेकऱ्यांस गाळणें हा त्याचा अपराध होय. 'ओसिरिस'च्या रबरी होडींतून जे लोक त्या खवळलेल्या पाण्यांत उतरले, ते या प्रसंगाचे वल्हेकरी आहेत.

७. माल आणि माणूस

समुद्रावर सांपडलेल्याचें काय करावें, याविषयीं आपल्या किनाऱ्याचाहि एक रिवाज होता. इ. स. १६७४ सालीं, राज्याभिषेकाच्या वेळीं, हेन्री ऑक्झेंडन हा इंग्रजांचा वकील रायगडीं आला. आपलीं फुटून किनाऱ्यास लागलेलीं जहाजें व त्यांवरील माल परत मिळावा असें एक कलम इंग्रजांनीं मागितलें. वादळानें किनाऱ्यास लागलेलीं तारवें व माल परत देणें कोकणच्या रिवाजाविरुद्ध आहे, व इंग्रजांस ही सवलत दिली तर फ्रेंच, वलंदेज व इतर टोपीकरहि ती मागतील, असा आक्षेप महाराजांच्या बाजूनें घेण्यांत आला. आपल्या वाचकांपैकीं बहुतेकांस हें प्रकरण ठाऊक आहे. त्याकडे आम्ही या लेखापुरतें अशासाठीं बोट दाखवितों कीं, वाद मालाविषयीं होता. फुटल्या जहाजाचा माल ही त्या काळीं सर्वत्र राजांची व व्यापाऱ्यांची तंट्याची बाब असे, आणि तंटा असल्यामुळें तिचे कागदहि शिल्लक राहिले.

माणसाविषयींचा नियम लेखी रूपास बराच मागून आला. १९१० सालीं ब्रुसेल्स येथें झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानें असें ठरविलें कीं, आपलें जहाज व त्यावरील लोक यांस गंभीर धोका नसेल तर प्रत्येक कप्तानानें समुद्रांत बुडण्याच्या भयांत असलेल्या कोणाहि माणसास, तो शत्रु असला तरी, साह्य केलेंच पाहिजे. त्याच करारान्वयें सोडविलेल्या मालावर मोबदला मागतां येतो, पण ज्याचा जीव वाचला त्या माणसापासून कांहीं घेतां येत नाहीं. पुढें १९७९ सालीं हॅम्बर्ग येथील करारानें समुद्राची शोध व तारण यांसाठीं वांटणी झाली, आणि १९८२ च्या समुद्रविषयक करारांत हें कर्तव्य पुन्हां घोषित झालें. २०१८ सालीं कॅनबेरांतील केंद्रानें फ्रेंच जहाजास हिंदी माणसासाठीं वळवावें यांत कोणास नवल वाटलें नाहीं, तें या नियमांच्या बळावर.

पण लेखी नियमाच्या मागें नाविकांचा आचार उभा असतो. १९९६ च्या डिसेंबरांत अशाच एका प्रदक्षिणा-शर्यतींत पीट गॉस या इंग्रजानें वादळांत तोंड फिरवून, वाऱ्याच्या विरुद्ध जाऊन, राफाएल दिनेली या फ्रेंच स्पर्धकास तराफ्यावरून उचललें. त्याच शर्यतींत टोनी बुलिमोर उलथ्या नौकेच्या पोटांत चार दिवस राहिला व ९ जानेवारी १९९७ रोजीं ऑस्ट्रेलियाच्या 'ॲडलेड' जहाजानें त्यास बाहेर काढलें. या प्रकरणांत माल कोणी विचारला नाहीं. 'तुरीया'हि समुद्रांतच सोडावी लागली. गोव्याच्या कारागिरांनीं एक वर्षापूर्वीं पाण्यांत लोटलेली ती सुंदर नौका गेली, आणि माणूस घरीं आला. या सौद्यांत कोणास तोटा झाला असें आम्ही मानीत नाहीं.

८. उत्तरवृत्त व विनंति

त्या शर्यतींत अखेर पांचच नाविक पोहोंचले. झां-ल्युक व्हान दन हीड हे ७३ वर्षांचे फ्रेंच गृहस्थ २९ जानेवारी २०१९ रोजीं पहिले आले. ज्यांच्या संकल्पांतून हिंदी प्रदक्षिणांची परंपरा सुरू झाली ते ॲडमिरल आवटी सातारा जिल्ह्यांतील विंचुर्णी येथें उत्तरायुष्य घालवीत होते. टॉमी सुखरूप परतल्यावर थोड्याच दिवसांनीं, नोव्हेंबर २०१८ मध्यें, ते वारले.

टॉमी यांच्या कण्यांत शस्त्रक्रियेनें धातूचे आधार बसवावे लागले. तरीहि २०२२ सालीं ते त्याच शर्यतींत पुन्हां उतरले. त्या खेपेस नोव्हेंबरांत टापिओ लेहटिनेन या फिनिश नाविकाची नौका बुडाली व तो तराफ्यावर सुमारें एक दिवस राहिला. त्याच्याकडे वळण्यास ज्यांस सांगण्यांत आलें त्यांत टॉमी होते; चार वर्षांपूर्वीं ज्याच्यासाठीं इतरांनीं मार्ग बदलला त्यानें आतां दुसऱ्यासाठीं बदलला. प्रत्यक्ष पोहोंचल्या त्या कर्स्टन नॉयशेफर या दक्षिण आफ्रिकेच्या नाविक बाई. त्यांनीं लेहटिनेन यास उचलून 'दर्या गायत्री' नांवाच्या मालवाहू जहाजाच्या स्वाधीन केलें, आणि पुढें शर्यतहि त्यांनींच जिंकली. टॉमी २९ एप्रिल २०२३ रोजीं दुसरे आले. त्यांच्या या नौकेचें नांव 'बयानात'. दप्तरें चाळणाऱ्या आमच्या वाचकांस 'बयान' हा शब्द सांगावयास नको; त्याचेंच हें अरबी अनेकवचन. बयानें, म्हणजे नोंदी. नांव ठेवणाऱ्यांच्या मनांत कांहींहि असो, आमच्या सिद्धांतास तें नांव शोभतें.

शेवटीं आमची संग्राहकांस एक विनंति आहे. आपण मोडी दप्तरें, ताम्रपट, पोथ्या यांसाठीं गांवोगांव हिंडतों. त्याच फेरींत रत्नागिरी, मालवण, वेंगुर्लें व गोवा येथील तांडेलांच्या, सुतारांच्या व नाविकांच्या घरींहि जावें. नौकांच्या बांधणीचीं मापें, बंदरांच्या वह्या, वादळांच्या टिपणी, समुद्रांत कोणीं कोणास कोठें उचललें याच्या आठवणी, हें सर्व मिति, स्थळ व सांगणाऱ्याचें नांव यांसह उतरून घ्यावें. ज्यास उचललें त्याचें नांव बहुधा मिळेल. ज्यांनीं उचललें त्यांचें नांव विचारण्यास विसरूं नये.